सर चार्लस मेटकाफ

किल्लारीचा मुलूख निजामाच्या अंमलांत असतां, १८२० सालीं चार्लस मेटकाफ हैदराबादेस रेसिडेंट म्हणून आला. पामर कंपनीच्या कर्जानें दरबार जेर झाला होता. वसुलाच्या जुलमानें रयत गांजली होती. त्यानें गांवोगांवचा सारा कांहीं वर्षांपुरता ठरवून त्यावर इंग्रज अंमलदारांची देखरेख बसविली, आणि पामर कंपनीस विरोध करून गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्जचा रोष पत्करला. ही देखरेख नासिरुद्दौलांच्या मागणीवरून १८२९ सालीं उठली.

१८३५ सालीं हंगामी गव्हर्नर-जनरल असतां त्यानें हिंदी वृत्तपत्रांवरील बंधनें काढलीं. संचालकांची मर्जी गेली. मद्रासचें गव्हर्नरपद हुकलें. पुढें जमेका व कानडा येथील कारभार पाहून तो १८४६ सालीं वारला. परक्या सत्तेचा हा सेवक. पण सत्तेस न रुचणारें न्याय्य कृत्य करण्याचें मोल त्यानें स्वतः चुकविलें.