ओल बुजवू नका



वसंतात झाडांवर बोलायचं म्हणजे पळस-पांगाऱ्यावर बोलायचं, असा रिवाज आहे. मी आज ओलीवर बोलणार आहे. पिंपळे सौदागरच्या कडेनं पवना वाहते आणि पुढे दापोडीला मुळेला मिळते. इथल्या शेतांच्या जागी सोसायट्या आल्या, तरी जमिनीचा उतार नदीकडेच राहिला. पावसाळ्यात सीमाभिंतीच्या पायथ्याशी पाणी तुंबतं आणि आपण तिथे मुरूम टाकून पेव्हर ब्लॉक बसवतो. माझी विनंती एवढीच आहे, की ती ओल बुजवू नका. तिथे पाणथळ जागा मानवणारी देशी झाडं लावा. मधमाश्या आणि पाखरं या दोघांची सोय त्यातून होते.

उंच इमारतीच्या सज्जाखाली आग्या मोहोळ दिसलं, की लगेच औषध फवारणाऱ्याला फोन जातो. मला याचं फार वाईट वाटतं. ही माशी ऋतूप्रमाणे जागा बदलते, पोळं सोडून आपण होऊन निघून जाते. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. फवारण्याआधी निदान तिथे विचारावं. आणि ही माशी खाते कुठे, तेही पाहावं. नदीकाठचा करंज या दिवसांत फुलतो. त्यावर मधमाश्या असतातच, शिवाय मोठे काळे भुंगे येतात. मार्च-एप्रिलमध्ये जांभळाचा मोहोर असतो. हे दोन्ही वृक्ष पुराच्या पाण्यात काही दिवस उभे राहिले तरी तग धरतात.

पण मला सर्वांत जवळचा आहे तो वाळुंज. शोभेच्या परदेशी विलोची रोपं आपण नर्सरीतून विकत आणतो, आणि त्याच कुळातला हा आपला देशी वृक्ष कित्येकांनी पाहिलेलाही नसतो. मुळा-मुठेच्या काठांवर तो पूर्वापार आहे. त्याची मुळं काठाची माती घट्ट धरतात. दगडी भिंत पाणी नुसतं पुढे ढकलते. हिवाळ्याच्या सुमारास त्याला लोंबते तुरे येतात. नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात. मध दोघांकडेही मिळतो, पराग मात्र नराकडेच. त्याची फांदी ओल्या गाळात खोचली, की मुळं फुटतात. म्हणून सगळे एकाच झाडाच्या फांद्या आणतात, आणि मग उभी राहणारी सगळी झाडं एकाच लिंगाची होतात, बी कधीच धरत नाहीत. फांद्या चार-पाच वेगवेगळ्या झाडांवरून घ्या.

उंबराबद्दल मी वेगळं काय सांगू? त्याच्या फळाच्या आतच फुलं असतात आणि एक इवलीशी गांधीलमाशी आत शिरून परागीभवन करते. ती नसेल तर बी नाही. तांबट, बुलबुल, कोकीळ आणि रात्री वटवाघळं, सगळ्यांना उंबर पोसतो.

पाखरांना फळांइतकेच किडेही लागतात. सुगरण धान्य खाते, पण पिलांना भरवते किडे. करंजाच्या पानांवर अळ्यांची नक्षी दिसली, की माळी पंप काढतो. तो त्याला काढू देऊ नका. शिंप्याची आणि वटवट्याची पिलं त्याच अळ्यांवर मोठी होतात.

जलपर्णीही हिरवी दिसते आणि तिला फुलं येतात, म्हणून कुणी तिची बाजू घेतं. ती दक्षिण अमेरिकेची आहे. आपल्या सांडपाण्यावर पोसली जाते आणि पाण्यावर पांघरूण घालून खालचा प्राणवायू तोडते. दर उन्हाळ्यात पवनेतून ती काढावी लागते. मैलापाणी नदीत येणं थांबेपर्यंत ती पुन्हा पुन्हा येत राहील.

आता सोसायटीपुरतं सांगतो. गच्चीचं पाणी जिथे उतरतं, तिथे पायापासून दूर एक उथळ खळगा करा. डासांची भीती सगळे घालतात. डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठवडा लागतो; खळग्यातलं पाणी दोन-तीन दिवसांत जिरत असेल, तर डास होणार नाहीत. कडेला वेखंड, ब्राह्मी आणि तालिमखाना लावा. तालिमखाना काटेरी आहे, त्यामुळे मुलांच्या वाटेपासून जरा लांब. पंखांवर मोरपिशी डोळे असलेलं नारिंगी फुलपाखरू त्याच्यावर अंडी घालतं.

करंजाच्या शेंगा आत्ता गोळा करून ठेवा. वाळुंजाच्या फांद्या पहिल्या चांगल्या पावसानंतर खोचा. जांभळाचं बी मात्र साठवू नका. वाळलं की ते मरतं. जूनमध्ये जांभळं खाल्लीत, की बिया त्याच आठवड्यात ओल्या मातीत टाका.