चष्मा गेला, डोळे तेच

परवा आमच्या बचतगटाची बैठक होती. वहीवर सही करायला म्हणून मी पिशवीतून चष्मा काढला, तर शेजारची वहिनी म्हणाली, "अगं, तू तर लेझर केलं होतंस ना? मग पैसे वायाच गेले म्हणायचे." सगळ्या हसल्या, मीही हसले. पण घरी जाताना वाटलं, हे एकदा नीट सांगायला पाहिजे. म्हणून आज इथे बसले आहे.

मला सातवीत चष्मा लागला. नंबर वाढत वाढत उणे साडेसहावर गेला. चष्मा काढला की ताटातली भाकरी दिसायची, समोर बसलेल्या माणसाचं तोंड दिसायचं नाही. लग्नाचं बघायला लागले आणि दोन स्थळं चष्म्यावरून परत गेली. तिसऱ्या वेळी पाहुणे म्हणाले, चष्मा काढून उभी करा मुलीला. उभी राहिले. मला कोण बघतंय ते मला दिसतच नव्हतं! त्यानंतर वडिलांनी गोठ्यातली म्हैस विकली आणि मला पुण्याला नेलं. ते 2008 साल. मी 24 वर्षांची होते.

ऑपरेशनला काही मिनिटं लागली, पण त्याआधीच्या तपासणीत अख्खा दिवस गेला. बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. तो किती जाड आहे, त्याचा आकार कसा आहे, हे यंत्राने मोजतात. पडदा पातळ असेल, शंकूसारखा पुढे येत असेल, नंबर अजून वाढत असेल, तर लेझर करत नाहीत. बाई गरोदर असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तरी थांबायला सांगतात. त्या दिवशी माझ्याबरोबरच्या एका मुलीला डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलं. ती बाकावर बसून रडत होती. तेव्हा मला तिची कीव आली. आता वाटतं, नाही म्हणणारा डॉक्टर मिळाला हे तिचं नशीब.

थेंब टाकून डोळा बधिर केला. पडद्याचा पातळ पापुद्रा उचलायचा, खालचा भाग लेझरने थोडा झिजवायचा आणि पापुद्रा परत जागेवर बसवायचा. टाका नाही. जळकट वास आला, दुखलं मात्र नाही. संध्याकाळी डोळ्यांत मिरची गेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी स्वारगेटला लांबून येणाऱ्या एस.टी.ची पाटी मी वडिलांना वाचून दाखवली. त्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

आता पुढचं. आई म्हणाली, सासरी यातलं काही बोलायचं नाही. फाइल माहेरच्या ट्रंकेत, साड्यांखाली गेली. डोळे कोरडे पडायचे, खुपायचे, तर मी थेंबांची बाटली पिठाच्या डब्यामागे ठेवायची. रात्री समोरून गाडी आली की दिव्याभोवती कडं दिसायचं. तेही कुणाला सांगितलं नाही.

2014 मध्ये माझं दुसरं बाळंतपण झालं. मुलगा सहा महिन्यांचा असताना उजव्या डोळ्यात कडेला वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं. काळे ठिपके तरंगायचे, चिलटं उडाल्यासारखे. अशक्तपणा असेल म्हणून सोडून दिलं. गावात शिबिर आलं तिथे गेले. डॉक्टरांनी विचारलं, पूर्वी चष्मा होता का? सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. मी म्हटलं, नाही. त्यांनी तक्त्यावरची अक्षरं वाचून घेतली, मी सगळी वाचली. नजर चांगली आहे म्हणाले.

चार रात्री झोप नव्हती. पाचव्या दिवशी ह्यांना घेऊन साताऱ्याला निघाले आणि एस.टी.त सगळं सांगून टाकलं. हे थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसले. मग म्हणाले, "एवढ्यासाठी लपवलंस?" साताऱ्यात डॉक्टरांनी थेंब टाकून बाहुली मोठी केली आणि आत बघितलं. मागच्या पडद्याला चीर पडली होती. त्याच दिवशी चिरेच्या कडेने लेझर देऊन ती बंद केली. हे लेझर वेगळं बरं का. चष्मा घालवायचं वेगळं, हे वेगळं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही वर्षांनी कधी आत जाळी धरते, ती काढायचं आणखी वेगळं. आपण सगळ्यालाच लेझर म्हणतो, म्हणून घोटाळा होतो.

डॉक्टरांनी समजावलं ते मी आज तुम्हाला सांगते. मोठा उणे नंबर म्हणजे डोळ्याचा गोळाच लांबट असतो. त्यामुळे मागचा पडदा ताणलेला, पातळ असतो. लेझरने पुढची काच बदलली, गोळा तसाच राहिला. म्हणून चष्मा गेला तरी दरवर्षी बाहुली मोठी करून मागचा पडदा बघून घ्यायचा. विजा चमकल्या, एकदम ठिपके वाढले, डोळ्यापुढे सावली आली, तर बाजाराचा दिवस असो की लग्नघर, त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं.

फाइल मी माहेरून आणली. एक कोपरा उंदराने खाल्ला होता, पण आकडे शाबूत होते. पुढे मोतीबिंदू झाला तर कुठल्या नंबरचं भिंग बसवायचं, ते मोजताना लेझर झालंय हे डॉक्टरांना ठाऊक असावं लागतं. काचबिंदूसाठी डोळ्याचा दाब मोजतात, तोही पातळ झालेल्या पडद्यावर खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो.

राहिला वहिनीचा प्रश्न. चाळिशीचा चष्मा सगळ्यांनाच लागतो. आतलं भिंग ताठर होतं, त्याचा आणि लेझरचा संबंध नाही. उलट गंमत सांगते. लेझर केलं नसतं तर आज मी चष्मा काढून सुई डोळ्याजवळ धरली असती आणि सहज ओवली असती. आता शिलाई मशीनवर बसताना चष्मा लागतोच. पण गेली सतरा वर्षं लांबचं बिनचष्म्याचं दिसतंय. पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. म्हैस मात्र चांगली होती.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पिठाच्या डब्यामागची बाटली मला पहिल्या दिवाळीलाच दिसली होती." आता माझी लेक आठवीत आहे. तिला उणे दोनचा चष्मा आहे. कुणी पाहुणी म्हणाली की पोरीचं लेझर करून टाका, तर तिची आजीच आधी उत्तर देते. फाइल कपाटात वरच्या कप्प्यात आहे, लेकीला जागा दाखवून ठेवली आहे.