आजारी लेकराच्या आईला बदली कोण देणार?

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



आपल्या वस्तीतील एक कुटुंब गेले आठ महिने सात वर्षांच्या मुलीला घेऊन परळच्या टाटा हॉस्पिटलात ये-जा करीत आहे. आई-बापाला विचारूनच आज आम्ही हा विषय घेतला आहे. नाव घेणार नाही, आपणही घेऊ नये.

आम्ही डॉक्टर नाही. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण गिरणीत, वाचनालयात आणि चळवळीत झाले. पण या आठ महिन्यांत डबा घेऊन, रक्त द्यायला जाताना डॉक्टरांना, सिस्टरांना विचारले, थोडे वाचले. तेवढेच सांगतो.

मुलाला कॅन्सर म्हणजे मरणच, हा समज आधी डोक्यातून काढा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या १०० मुलांपैकी ८० हून जास्त बरी होतात. अनेक गरीब देशांत ३० सुद्धा होत नाहीत. मग ही मधली मुले जातात कुठे? निदान उशिरा होते, औषध मिळत नाही, आणि पुष्कळदा उपचार अर्ध्यावर सुटतो.

या मुलीला रक्ताचा कॅन्सर आहे. मुलांमध्ये हाच जास्त आढळतो. १९४७-४८ साली बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी अशा मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध दिले. ज्या कंपनीतून ते आले, तिथे संशोधनाचे प्रमुख होते आपल्या आंध्रातील भीमावरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. अंथरुणाला खिळलेली काही मुले उठून खेळू लागली. पण काही महिन्यांत आजार उलटला. पुढे वीसेक वर्षे डॉक्टर झटले, तेव्हा कळले की एका औषधाने भागत नाही. अनेक औषधे एकत्र द्यावी लागतात, आणि रिपोर्ट चांगला आला तरी दोन-अडीच वर्षे द्यावी लागतात. आपल्या दारातल्या सदाफुलीपासून काढलेले विन्क्रिस्टीन त्यातलेच एक. (म्हणून कुणी सदाफुलीची पाने चघळू नका. ती विषारी असतात. औषध शुद्ध करून, मोजून, शिरेतून देतात.)

आपल्या मुलीच्या बाबतीत नेमके इथेच अडले. महिन्याभराने तपासणीत कॅन्सरच्या पेशी दिसेनात. बाप आम्हाला म्हणाला, "दादा, पोरगी बरी झाली. आता बस. कंत्राटदाराने माझ्या जागी दुसरा माणूस ठेवलाय." आईच्या कानातले गेले होते. धाकटा पोरगा रोज कुणाच्या तरी घरी झोपत होता. डॉक्टरांनी समजावले, दिसत नाही म्हणजे संपला नाही. बापाला ते कळत होते. त्याला उपदेश नको होता, हजेरी हवी होती.

त्या रात्री आम्ही आठ जण याच विहारात बसलो. गिरणीत कायम कामगार आला नाही, तर बदलीवाला साच्यावर उभा राहायचा, पण साचा बंद ठेवत नसत. कापडासाठी एवढी सोय, मग लेकरासाठी का नसावी? तेव्हा बदली लावली. आठवड्यातून दोन रात्री महिला मंडळातील एक बाई मुलीच्या उशाशी बसते, आई घरी येऊन झोपते. जाणारीला सर्दी-खोकला नको, हात धुतल्याशिवाय मुलीला शिवायचे नाही. धाकट्याचा डबा आणि अभ्यास शेजारच्या घरांनी वाटून घेतला. एका निवृत्त कारकून काकांनी फाईल सांभाळली, जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे लावली. योजनेतून उपचाराचा बराच खर्च भागतो, पण बुडालेली हजेरी भागत नाही. म्हणून दर महिन्याला वर्गणीतून धान्य-किराणा भरतो. बापाला रात्रपाळीचे काम मिळाले. उपचार सुटला नाही.

तरुणांना एक सांगणे. १४ एप्रिलला आपण रक्तदान शिबीर घेतो, चांगलेच आहे. पण प्लेटलेट साधारण पाचच दिवस टिकतात. एकाच दिवशी शंभर जण येण्यापेक्षा वर्षभर आळीपाळीने चार जण आले, तर अशा मुलाला जास्त उपयोग.

दुसरे, या औषधांनी पांढऱ्या पेशी कमी होतात. अशा मुलाला ताप आला तर गोळी देऊन सकाळची वाट पाहायची नाही, रात्रीच हॉस्पिटल गाठायचे. त्यासाठी टॅक्सीवाल्या दोन पोरांचे नंबर त्यांच्या भिंतीवर लिहून ठेवले आहेत.

आणि भगिनींनो, "कुणाची नजर लागली", "गरोदरपणी हिनेच काही खाल्ले असेल" ही कुजबुज बंद करा. हा रोग शिवल्याने लागत नाही, आईच्या दोषाने होत नाही. ती माउली आधीच रात्र-रात्र जागते आहे. तिला आणखी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नका.

भगवान बुद्धांनी घाणीत पडलेल्या आजारी भिक्खूला आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले, उचलून निजवले. इतर भिक्खू त्याच्याकडे बघत नव्हते, कारण तो त्यांच्या उपयोगाचा नव्हता. ही गोष्ट आपण दरवर्षी ऐकतो. आता ती करायची पाळी आपली आहे.

मुलगी बरी होईलच, असे वचन आम्ही देत नाही, डॉक्टरही देत नाहीत. अजून दीड वर्षाहून जास्त उपचार बाकी आहे. पण आई थकली, बापाची हजेरी बुडाली, म्हणून तो सुटला, असे आपल्या वस्तीत होता कामा नये.

दाराजवळच्या फळ्यावर बदलीची यादी लावली आहे. पुढच्या महिन्याच्या बुधवारच्या रात्री अजून रिकाम्या आहेत. भोजनाला बसण्याआधी नाव लिहून जा.

जय भीम! नमो बुद्धाय!