शेल आधीं काय वाचतो?



मोताळ्यास बसून दूरच्या उबुंटू संगणकावर एसएसएचनें काम करणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याची कल्पना करा. आपल्या आवडीच्या संक्षिप्त आज्ञा त्यानें ‘.बॅशआरसी’ या फाईलींत लिहिल्या असून त्या रोज बिनचूक चालतात. एके दिवशीं तो एक नवा प्रोग्रॅम बसवितो, आणि दुसऱ्या दिवशीं लॉगिन करतांच साऱ्या आज्ञा गुप्त! फाईल मात्र जशीच्या तशी आहे. मग दोष कोणाचा?

आपली आज्ञा संगणकास पोंचविणारा जो दुभाषा, तो शेल. ब्रायन फॉक्स यांनीं लिहिलेला व १९८९ सालीं प्रसिद्ध झालेला बॅश हा त्यांपैकींच एक. लॉगिनच्या वेळीं तो प्रथम सर्वांसाठीं असलेली ‘/इटीसी/प्रोफाइल’ वाचतो. नंतर वापरणाराच्या स्वतःच्या फोल्डरांत ‘.बॅश_प्रोफाइल’, ‘.बॅश_लॉगिन’ व ‘.प्रोफाइल’ या क्रमानें शोध घेतो, आणि पहिली सांपडेल तेवढीच वाचून थांबतो. ‘.बॅशआरसी’ तो अशा वेळीं आपण होऊन वाचीत नाहीं, उबुंटूंत ‘.प्रोफाइल’ तिला बोलावून आणते. नव्या प्रोग्रॅमनें ‘.बॅश_प्रोफाइल’ निर्माण केली, म्हणून ‘.प्रोफाइल’ची पाळीच आली नाहीं.

उपाय सोपा आहे. नव्या फाईलींत ‘.प्रोफाइल’ वाचण्याची एक ओळ घालावी. क्रॉनकडून ठरल्या वेळीं होणाऱ्या कामांना मात्र यांतील कोणत्याहि फाईलीचा आधार सहसा नसतो. त्यांस लागेल तें तेथेंच लिहून द्यावें.

शेल चुकला असें म्हणण्यापूर्वीं त्यानें काय वाचलें, हें पाहावें.