बेटावरचे कासव आणि माणूस

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमातील भाषण)



आज मी तुम्हाला एका मुक्या जिवाची हकीकत सांगणार आहे. कोलकात्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयात ‘अद्वैत’ नावाचे महाकाय कासव होते. हिंदी महासागरातल्या अल्डाब्रा बेटाच्या जातीचे. २००६ साली ते वारले. वय अडीचशे होते असे लोक सांगतात, त्याला पुरावा नाही. पण त्याला चारा घालणाऱ्यांच्या कितीतरी पिढ्या त्याच्यासमोर संपल्या, एवढे खरे.

अशीच कासवे पॅसिफिक महासागरात इक्वेडोर देशाच्या गॅलापागोस बेटांवर आहेत. मोठा नर दोनशे किलोच्या वर भरतो. या जिवाचा मोठा गुण म्हणजे सोसणे. अन्नपाण्याशिवाय ते महिनोन् महिने जगते. आणि हाच गुण त्याच्या मुळावर आला!

एकोणिसाव्या शतकात देवमाशांची शिकार करणारी जहाजे तिथे थांबत. खलाशी शेकडो कासवे उचलून जहाजाच्या तळाशी रचून ठेवत. चारा नको, पाणी नको, ताजे मांस मात्र हवे तेव्हा तयार. अंडी घालायला माद्या किनाऱ्याजवळच्या सखल भागात उतरत. त्या वजनालाही हलक्या. म्हणून त्याच जास्त सापडल्या. मादी गेली म्हणजे पुढची पिढीच गेली. अशी लाखाच्या वर कासवे नेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

खलाशी काही राक्षस नव्हते हो! भुकेलेली, घर सोडून आलेली गरीब माणसेच ती. आपण नेलेल्या चार कासवांनी काय होणार, असे प्रत्येकाला वाटले असेल.

पिंटा नावाच्या बेटावर १९५९ साली कोळ्यांनी तीन बकऱ्या सोडल्या. फक्त तीन! पुढे त्यांच्या हजारो झाल्या आणि बेट उजाड झाले. १९७१ मध्ये तिथे एकच कासव सापडले, नर. त्याला नाव पडले ‘एकाकी जॉर्ज’. जोडीदारीण खूप शोधली, मिळाली नाही. २४ जून २०१२ रोजी तो गेला, आणि त्याच्याबरोबर त्याचा वंशही संपला.

मग सगळे संपले का? नाही. एस्पानोला बेटावर फक्त चौदा कासवे उरली होती, बारा माद्या आणि दोन नर. १९६३ पासून दहा-अकरा वर्षे शोधून ती एकेक गोळा केली. अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयातून तिसरा नर, दिएगो, आणला. अंडी उबवली, पिल्ले वाढवली, बेटावरच्या बकऱ्या काढल्या. सुमारे दोन हजार कासवे बेटावर परत गेली. जून २०२० मध्ये दिएगोसह ती म्हातारी मंडळीही घरी पोचली. कासवे निवडुंगाची फळे खाऊन बिया दूरवर पेरतात, म्हणून रानही सावरू लागले.

बंधुभगिनींनो, मोडायला तीन बकऱ्या पुरल्या. सावरायला पन्नास-पंचावन्न वर्षे लागली. ज्यांनी काम सुरू केले त्यांतल्या कित्येकांना शेवट पाहता आला नसेल, तरी त्यांनी ते केले. पिंटाला हात वेळेवर पोचला नाही, एस्पानोलाला पोचला. दोन बेटांत फरक आहे तो एवढाच.

तेव्हा “माझ्या एकट्याने काय होणार?” हे वाक्य तोंडी आले, की त्या खलाशांची आठवण करा आणि त्या चौदा कासवांचीही.