बाळंतिणीची झोप

आज बोलायचंय बाळंतिणीच्या झोपेबद्दल. त्यातही जिचं बाळ ३७ आठवडे भरायच्या आधी जन्मलंय, त्या बाळंतिणीबद्दल.

"जागरण काय, सगळ्यांनाच होतं. आम्ही नाही केलं?" असं घरातली मोठी माणसं म्हणतात. पण हे जागरण वेगळं असतं. दिवस भरलेलं बाळ भूक लागली की टाहो फोडून आईला उठवतं. अपुऱ्या दिवसांचं बाळ फारसं रडतच नाही, झोपूनच राहतं. आईनेच त्याला दर दोन तासांनी उठवून पाजायचं. चोखायची ताकद कमी, दोन घोटांत दमतं. मग दूध वाटीत काढा, चमच्याने थोडं थोडं पाजा, ढेकर काढा, वाटी-चमचा धुऊन उकळा. तास गेला. उरलेल्या तासात डोळा लागतो न लागतो तोच पुढची वेळ झाली!

आणि त्या तासातही ती झोपेलच असं नाही. आमच्या गटातल्या एकीचं बाळ तीन आठवडे दवाखान्यात पेटीत होतं. तिथे मशीन होतं, सिस्टर होत्या. घरी आल्यावर यातलं काहीच नाही. ही मोबाईलची बॅटरी लावून रात्रभर बाळाची छाती हलते का ते बघत बसायची. अशा बाळांचा श्वास मध्येच पाच-दहा सेकंद थांबल्यासारखा होतो आणि परत सुरू होतो, हे तिला माहीत नव्हतं. आशाताईंनी समजावलं, तेव्हा कुठे तिचा जीव थोडा खाली बसला. पण श्वास २० सेकंद थांबला, बाळ निळं पडलं, अंग गार लागलं किंवा दूध ओढेनासं झालं, तर मात्र वाट बघायची नाही. १०८ ला फोन करायचा. कशाला घाबरायचं आणि कशाला नाही हे कळलं, की थोडी तरी झोप लागते.

आता घरच्यांसाठी. बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब द्यायची कांगारू पद्धत दवाखान्यात शिकवतात. ही १९७८ च्या सुमारास कोलंबिया देशात बोगोटा शहरात सुरू झाली, कारण तिथे पेट्या पुरत नव्हत्या. दिवसाकाठी कमीत कमी आठ तास तरी बाळ असं धरावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आठ तास एकटी आई कशी धरणार? ऊब आजीच्या छातीचीही चालते, बापाच्याही. आमच्या या मैत्रिणीच्या सासूबाई रात्री नऊ ते एक बाळ घेऊन बसायच्या. नवराही बसला. सुरुवातीला लाजला, कारण बाप्याने सदरा काढून पोर छातीशी बांधलं की आपल्याकडे शेजारीपाजारी हसतात. हसू द्या.

त्या चार तासांत आई झोपायची. झोपायच्या आधी एका वेळेपुरतं दूध काढून झाकणाच्या वाटीत ठेवायची, ते आजी चमच्याने पाजायची. फ्रीज नसेल तर जास्तीचं काढून ठेवू नका, उन्हाळ्यात तर नाहीच. मात्र आईने सगळी रात्र सलग झोपून काढायची नाही. दूध तयार करणारं संप्रेरक रात्री जास्त असतं, रात्रीचं पाजणं सुटलं की दूध आटत जातं. चार तास सलग मिळाले तरी माणूस माणसात येतं.

पेंग येत असेल तर बाळ मांडीवर घेऊन बसू नका, दुसऱ्याच्या हातात द्या. झोपेच्या गुंगीत बाळ घसरतं, नाक दाबलं जातं. जागरणाचा खरा धोका हा आहे. दिवसा झोपली म्हणून बाळंतिणीला बोलणाऱ्या बायकांनी हे ऐकून ठेवा.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ४२ दिवसांत आशाताई सहा वेळा घरी येतात. त्या बाळाचं वजन करतात, ताप बघतात. त्या आल्या की आईने आपल्या झोपेचंही सांगावं, आणि सासूबाईंना शेजारी बसवून सांगावं. बाळ झोपलंय, कूस बदलायला दुसरं माणूस आहे, तरीही आईचा डोळा लागत नाही, सारखं रडू येतं, बाळाकडे बघावंसंच वाटत नाही, असं दोन आठवडे चाललं तर ते नुसतं जागरण नव्हे. डॉक्टरांना दाखवा. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मनात बाळाला किंवा स्वतःला काही करण्याचे विचार आले, तर दोन आठवडे नाही, दोन तासही थांबू नका.

राहिला आपला बचत गट. बैठकीला न आल्यास दंड, हा आपला नियम चांगलाच आहे. पण या मैत्रिणीच्या वेळी आम्ही ठराव केला, तो इतिवृत्ताच्या वहीत आहे. अपुऱ्या दिवसांचं बाळ घरी असेल तर तीन महिने दंड नाही. पाळीपाळीने एकीने दुपारच्या भाकरी पोचवायच्या आणि येताना बचतीचे पैसे घेऊन यायचे. बाळ बघायला आत जायचं नाही. पैसे सासूबाईंकडून घ्यायचे, आणि दाराची कडी वाजवायची नाही.