वेग, उष्णता आणि मोटारीचे टायर



समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी वाहतुकीस खुला झाला. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्णत्वास गेला. सावंगी, माळीवाडा, हडस पिंपळगाव, जांबरगाव येथून छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वाहने या मार्गावर चढतात. नागपूर काही तासांवर आले, ही मराठवाड्याच्या दृष्टीने मोठीच सोय झाली. मात्र रस्ता बदलला तरी वाहनचालकाच्या सवयी बदललेल्या नाहीत आणि त्यांतील सर्वांत उपेक्षित सवय टायरांच्या देखभालीची आहे.

शहरातील जालना रस्त्यावर सिग्नल, गर्दी व वळणे यांमुळे मोटार सतत थांबत-थांबत चालते. टायर तापतो, पण त्याला निवण्यास उसंत मिळते. समृद्धीवर मोटारींसाठी ताशी १२० किलोमीटर ही वेगमर्यादा आहे. या वेगाने धावताना सर्वसाधारण मोटारीचे चाक मिनिटाला हजाराहून अधिक फेरे घेते. प्रत्येक फेऱ्यात टायरचा जमिनीला टेकलेला भाग दबतो व पुन्हा पूर्ववत होतो. या दबण्या-उसळण्यातूनच उष्णता निर्माण होते. हवा कमी असेल तर टायरची बाजू अधिक वाकते आणि उष्णताही अधिक वाढते. त्यात क्षमतेबाहेरची माणसे, टपावरचे सामान आणि चाळीस अंशांपलीकडे गेलेले वैशाखातील ऊन यांची भर पडली, की रबर व आतील धाग्यांचे थर परस्परांपासून सुटू लागतात. टायर फुटतो तो एका क्षणात; त्याची तयारी मात्र कित्येक दिवस चाललेली असते.

टायर फुटला की काँक्रीटच्या रस्त्याला दोष देण्याची रीत पडली आहे. परंतु योग्य दाबाचा, न झिजलेला व योग्य भार वाहणारा टायर त्याच रस्त्यावरून सुखरूप जातो. २०२३ मध्ये परिवहन विभागाने समृद्धीच्या प्रवेशमार्गांवर टायरांची तपासणी हाती घेतली आणि झिजलेल्या टायरांच्या वाहनांना प्रवेश नाकारला, त्यामागे हाच विचार होता.

तपासणी कशी करावी?

हवेचा दाब टायर थंड असताना मोजावा. सकाळी निघण्यापूर्वी, किंवा फार तर दोन-तीन किलोमीटर अंतरावरच्या पंपावर तो पाहावा. किती दाब हवा, हे चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा वाहनाच्या पुस्तिकेत छापलेले असते. पूर्ण भरलेल्या मोटारीसाठीचा आकडा बहुधा वेगळा असतो. टायरवर कोरलेला कमाल दाब म्हणजे भरावयाचा दाब नव्हे. उन्हाळा आहे म्हणून चार पौंड हवा कमी ठेवण्याची समजूत घातक आहे, कारण कमी हवेचा टायर अधिकच तापतो. प्रवासात दाब थोडा वाढणे स्वाभाविक असते. तापलेल्या टायरमधून हवा काढू नये.

टायरच्या खाचांत ठरावीक अंतरावर छोटे उंचवटे असतात. पृष्ठभाग झिजून त्यांच्या पातळीला आला, की टायर बदलण्याची वेळ झाली असे समजावे. मोटारीसाठी खाचांची किमान खोली १.६ मिलिमीटर असावी, असा केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांचा दंडक आहे. गोटा झालेला टायर पावसात पाणी बाजूला सारू शकत नाही. मग कन्नड-चाळीसगाव घाटाच्या ओल्या उतारावर ब्रेक लावूनही मोटार घसरत जाते. बाजूला फुगा आलेला किंवा आतील धागे उघडे पडलेला टायर तर त्याच दिवशी काढावा.

टायरच्या कडेवर निर्मितीची तारीख चार आकड्यांत दिलेली असते. ‘३५२२’ याचा अर्थ २०२२ सालातील पस्तिसावा आठवडा. कमी वापरलेल्या मोटारीचा टायर वरून नवा दिसला, तरी रबराचे वय वाढतच असते. म्हणून पाच वर्षांनंतर दरवर्षी तो जाणकाराकडून तपासून घ्यावा. ‘८८ एच’ या खुणेतील ८८ हा आकडा एका टायरवर ५६० किलोग्रॅम भार, तर ‘एच’ हे अक्षर ताशी २१० किलोमीटरची वेगक्षमता दर्शविते. टायर घेताना केवळ किंमत न पाहता या खुणा वाहनाच्या पुस्तिकेशी ताडून पाहाव्यात. स्टेपनीतील हवाही महिन्यातून एकदा मोजावी.

इतके करूनही टायर फुटला, तर जोरात ब्रेक दाबू नये. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून सरळ ठेवावे, ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढावा आणि वेग मंदावल्यावर मोटार रस्त्याच्या कडेला घ्यावी.

सामूहिक जबाबदारी

महामार्गाच्या प्रवेशद्वारावर प्रत्येक वाहन तपासणे शक्य नाही. खरी तपासणी घराच्या व कार्यालयाच्या अंगणातच व्हावयास हवी. शासकीय वाहनाच्या लॉगबुकात इंधनाबरोबर टायरांच्या दाबाचीही साप्ताहिक नोंद ठेवण्यास कोणताही खर्च येत नाही. उष्णतेने हवा प्रसरण पावते हा पाठ शिकविताना शिक्षकांना विद्यार्थ्यांच्या सायकलीचे उदाहरण देता येईल. शाळेच्या वाहनांच्या टायरांवर पालकसभेत प्रश्नही विचारता येईल. वऱ्हाडाची जीप गावातून निघण्यापूर्वी तिच्यात किती माणसे बसली व तिचे टायर कसे आहेत, हे पाहण्याचा आग्रह पंचायतीचे सदस्य धरू शकतील. दाब मोजण्याचे साधन अल्प किमतीत मिळते आणि चार टायर तपासण्यास पाच मिनिटे पुरतात. शासनाने वेगवान रस्ता दिला आहे; त्या वेगाला साजेशी सावधगिरी प्रत्येक चालकाने स्वतःच बाळगावयाची आहे.